टॅम्प्लीजचं बटन

यंदाही कापूस घरी यायला लागला. परभणीत आमच्या घरासमोरून जिनिंग कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर सकाळपासून धडधडतात आणि दुपारपर्यंत रस्त्याकडेच्या बाभळींना पांढऱ्या शेंड्या लटकलेल्या असतात. अंगण झाडताना एखादा पुंजका सापडला की मी तो केरात टाकत नाही, उचलून खिडकीत ठेवते. नवरा म्हणतो, दुकान काढणार आहेस का. काढीन म्हणते, तुला गल्ल्यावर बसवते.

त्याच दिवसांत लेक सुट्टीला आली. मैत्रेयी पुण्यात कॉम्प्युटरचं शिकते. पिशवीत कपडे कमी आणि वायरी जास्त. या खेपेला नवंच यंत्र घेऊन आली. दोन्ही हातांत धरायचं, मध्ये पडदा, दोन्ही कडेला बटनं. मी म्हणाले, हा तर व्हिडिओ गेम. तर म्हणते, नुसता गेम नाही आई, आत लिनक्स आहे. हे तिनं अशा सुरात सांगितलं की मला वाटलं, सोयरीक जुळवून आली की काय.

लिनक्स म्हणजे काय, हे तिच्या तोंडून जेवढं कळलं तेवढंच सांगते. कॉम्प्युटर चालवणारी ही अशी व्यवस्था की जिचा कुणी मालक नाही. कुणीही उघडून बघावं, बिघडलं असेल ते नीट करावं आणि दुसऱ्याला द्यावं. गेम बनवणारे मात्र तिला खिजगणतीत धरत नसत. त्यांचे गेम बनायचे मोठ्या घराण्यांच्या कॉम्प्युटरसाठी. लिनक्सवाल्यांनी तो गेम लावायचा म्हटलं की अख्खी संध्याकाळ आज्ञा टाइप करत बसायचं, मग चित्र यायचं पण आवाज नाही, आवाज आला तर चित्र अडकलेलं. आता म्हणे बरे दिवस आलेत. काही माणसांनी मध्ये एक दुभाष्या बसवलाय. गेम आपल्या भाषेत बोलतो, लिनक्सला तो स्वतःच्या भाषेत ऐकू येतो आणि दोघांचं जमतं. काही गेम तर स्वतःच्या घरापेक्षा इथंच गुण्यागोविंदानं नांदतात. पण पुष्कळजणांनी मिळून खेळायचे काही मोठे गेम अजून आत घेत नाहीत. त्यांच्या दाराशी रडीचा डाव पकडणारा पहारेकरी असतो. त्याला ही व्यवस्था ओळखीची वाटली नाही, की तो दारातूनच वाटेला लावतो. मैत्रेयी म्हणाली, आम्ही रडीचा डाव खेळत नाही गं, पण आधी आत तर येऊ द्या. मी हसले. पण दारातून परत फिरणं काय असतं हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

मी भाकरी टाकत होते. पान वाढलंय म्हणून हाक मारली तर पोरगी भर लढाईत. तिनं वरचं एक बटन दाबलं, पडदा काळा झाला, यंत्र कट्ट्यावर ठेवून जेवायला बसली. मी तव्याकडं पाठ करून वळले. म्हटलं, अगं बंद काय केलंस, आता पुन्हा पहिल्यापासून? ती म्हणाली, नाही आई, झोपवलं फक्त. उठवलं की जिथं होते तिथंच.

जिथं होते तिथंच. माझी तव्यावरची भाकरी करपली ती त्या शब्दांनी.

विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यातल्या शेवटच्या वर्षातली थंडी. आम्ही तेव्हा जिंतूरला होतो. बाबा हायस्कूलवर इंग्रजी शिकवायचे, आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो आणि गल्लीच्या तोंडाशी मंगलचं घर. मंगल माझ्या वर्गातली, माझ्या बाकावरची. त्यांची शेती मोठी. सरकारी खरेदी केंद्रावर गाडी लागायला वेळ लागायचा म्हणून वेचलेला कापूस घरातच भरून ठेवत, आणि त्यांच्या मधल्या खोलीत तो पार छताच्या कडीपाटापर्यंत चढलेला असायचा. टीव्ही त्याच खोलीत. म्हणजे आमची बैठक कापसावर. कमरेइतकं आत रुतून बसायचं, थंडीत पाय त्या ढिगात खुपसले की आत शेकोटी असल्यासारखी ऊब. बाहेर आलो की केसांत, फ्रॉकला, नाकात सगळीकडं कापूस, आणि बोंडातल्या किड्यांनी अंगाला खाज. आई मला उंबऱ्यातच झटकून आत घ्यायची.

मंगलच्या मामानं हैदराबादहून टीव्हीला लावायचा गेम आणला होता. एक पांढरा डबा, दोन रिमोट, एक कॅसेट. कॅसेटवर शेकड्यांनी गेम असल्याचं छापलेलं, आत बघावं तर फिरून फिरून तेच आठ-दहा, नुसती नावं बदललेली. मामाला फसवलं म्हणून मंगलची आई, म्हणजे काकू, महिनाभर भावाच्या नावानं बोलत होती. आम्हाला काय त्याचं. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. त्याचे कान पिळत बसायचं, आधी नुसत्या मुंग्या, मग मुंग्यांतून हळूच एक डोंगर, एक पूल आणि दोन माणसं बाहेर यायची. एकाला टोपी, एक बोडका. टोपीवाला मंगलचा, कारण घर तिचं. बोडका माझा.

बटनांवर इंग्रजी. आमच्यात इंग्रजी माझ्या बापाची, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं. तर गंमत अशी की ज्या बटनावर स्टार्ट लिहिलंय ते मधेच दाबलं की गेम थांबायचा. मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, शक्य नाही, तू चुकीचं वाचत असशील, स्टार्ट म्हणजे सुरू. मी म्हटलं, बाबा, थांबतं हो. ते म्हणाले, स्पेलिंग सांग. स्पेलिंग बरोबर निघाल्यावर ते म्हणाले, इंग्रजांचं काही सांगता येत नाही. तेव्हा आम्ही त्या बटनाला आमचंच नाव ठेवून टाकलं. टॅम्प्लीज.

ज्यानं मराठीत लपाछपी, पकडापकडी खेळलीय त्याला हे सांगायला नको. चप्पल तुटली, तहान लागली, आईनं हाक मारली की मुठीवर ओठ टेकवून टॅम्प्लीज म्हणायचं. मग राज्य असणाऱ्यानं तुम्हाला शिवायचं नाही. तुम्ही कुठंही उभे असा, शिवलं तर तोच रडी. टाइम आणि प्लीज असे दोन शब्द त्यात आहेत, हेसुद्धा मला फार पुढं कळलं. आमच्यासाठी तो एकच शब्द होता, आणि बाहेरच्या जगातले कायदेकानू बदलतील पण हा नियम कुणी मोडत नसे. ज्यानं टॅम्प्लीज घेतली त्यानं ‘सुटली’ म्हटल्याशिवाय खेळ पुढं जायचा नाही.

तर तो डोंगराचा गेम. दोघांनी मिळून वर चढत जायचं, दगड चुकवायचे, तुटक्या पुलांवरून उड्या मारायच्या. त्यात एक खोड अशी होती की एक मागं राहिला तर पडदा पुढं सरकतच नसे. पुढं गेलेला काठाला टेकून नुसता पाय हलवत राहायचा. दोघं बरोबर आली तरच पुढचा डोंगर दिसणार. वर कोपऱ्यात दोघांचे बदाम. एक बदाम म्हणजे एक जान. लाइफबिफ आम्ही कधी म्हटलं नाही, जान म्हणायचो. आमच्याकडं निजामाचं राज्य गेलं पण त्याचे शब्द चुलीपर्यंत राहिले. ‘माझी जान गेली’ म्हणून मी ओरडायचे तेव्हा स्वयंपाकघरातून काकू ‘जाऊ दे, चहा घे’ म्हणायची. सगळ्या जानी गेल्या की तो माणूस संपला. मग मात्र राहिलेल्यानं एकट्यानं कुठंही जावं, पडदा अडवत नसे.

मी खेळायला ढ. मंगल तरबेज. माझा शेवटचा बदाम उरायचा तेव्हा तिच्या बदामांची रांग लागलेली असायची.

परवा मैत्रेयीनं मला एक दाखवलं. तिचा एक गेम लिनक्सवर अडखळत होता. तिनं शोधलं, तर कुणीतरी तो आधीच दुरुस्त करून ठेवलेला. कोण, तर माहीत नाही. नाव नाही, गाव नाही, एक टोपणनाव. त्या माणसाचा तो गेम स्वतःचा नाही, त्यात एक पै मिळाली नाही. आपल्याला त्रास झाला तर मागून येणाऱ्याला होऊ नये, म्हणून त्यानं घरी बसून ते नीट केलं आणि ठेवून दिलं. मी विचारलं, मग तू आभार कुठं मानलेस? ती म्हणाली, खाली दोन ओळी लिहिल्या. मला बरं वाटलं. आभार मानायचे राहून गेले की ते आत कुसळासारखे टोचत राहतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक.

मंगल आता सेलूला असते. आम्ही फोनवर कापसाचे भाव, पोरं, गुडघे यांवर तासतासभर बोलतो. पण त्या थंडीतल्या संक्रांतीबद्दल मी तिला कधी काही विचारलं नाही, आणि आभारही मानले नाहीत. मैत्रिणीचे आभार मानले तर ती जोड्यानं हाणेल, ही एक भीती असतेच.

त्या थंडीत हवा बदलत गेली ती हळूहळू. विद्यापीठाच्या नावाचा निकाल आता लागणार, असं जो तो म्हणायला लागला. वर्गात दोन बाकं इकडची तिकडं झाली. पाण्याच्या टाकीजवळ बायका बोलता बोलता थांबायच्या. मंगलच्या ओसरीवर माणसं जास्त वेळ बसायला लागली आणि मी आत शिरताना त्यांचं बोलणं तुटायचं. मला कुणी काही म्हटलं असं नाही. पण मी पायऱ्या भरभर चढायला लागले होते. बाबांनी नामांतराचं पहिलं वर्ष पाहिलेलं होतं. तेव्हा ते विशीतले, गावाकडं त्यांच्या आतेभावाचं घर पेटवलेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. आम्हाला ते कधी सांगत नसत. मात्र घरात रॉकेलचा वास आला की उठून बाहेर जाऊन बसत.

त्या दुपारी आम्ही इतक्या वर पोचलो होतो, जिथं आधी कधी पोचलो नव्हतो. शेवटचा पूल. त्यापलीकडं काय आहे ते गल्लीतल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. माझी एकच जान राहिलेली, मंगलच्या ढीगभर. तेवढ्यात दारात बाबा उभे. मंगलच्या घरी ते कधी येत नसत. आले तेही उंबऱ्याबाहेरच थांबले. ओसरी गप्प झाली. बाबा एवढंच म्हणाले, प्रज्ञा, चल. आईनं पिशवी भरलेली होती, आम्ही पूर्णेला मावशीकडं निघालो होतो.

काकूला कळलं. ती पदरानं हात पुसत नुसती उभी राहिली. मंगलला कळलं की नाही कोण जाणे. तिनं ते बटन दाबलं, पुलावर दोघं जिथल्या तिथं थांबले, आणि ती म्हणाली, “टॅम्प्लीज घेतली तुझ्या नावानं. तू येस्तोवर कुनी हात लावनार न्हाई.”

गेम साठवून ठेवायची सोय त्या डब्यात नव्हती. लाईट गेली, की सगळं पुसून पहिल्यापासून. पण टीव्ही बंद करून डबा चालू ठेवला तर आत गेम जागा राहायचा, एवढं आम्हाला माहीत होतं.

पूर्णेला मावशीचे यजमान रेल्वेत होते, क्वार्टर रुळांना लागून. दिवसभर इंजिनं इकडून तिकडं डबे ढकलायची आणि भिंतीवरची भांडी किणकिणायची. मी मावशीला गेमचं सांगितलं. मावसभाऊ फिदीफिदी हसला, म्हणाला, बिल कोण भरतंय, तू पाठ फिरवली आन त्यांनी बटन मारलं असंल. मावशी हसली नाही. तिनं मला जवळ घेतलं आणि केसांतला कापूस काढत म्हणाली, “बाळा, आता तिथं पहिल्यासारखं जायला मिळंल असं धरून चालू नको.”

खरं सांगते, मला गेमची भीती नव्हती. मला भीती होती ती त्या कापसातल्या माझ्या खड्ड्याची. मी बसून बसून तिथं माझ्या आकाराची जागा झाली होती. मी परत गेल्यावर ती असेल का. मंगल आपल्या बाकावर सरकून मला जागा देईल का, की दुसरीकडं बघेल. डबा चालू असेल तर जागा असेल, एवढा साधा हिशेब मी मनाशी घातला होता. देवाला मानायचं नाही असं आमच्या घरी शिकवलेलं, म्हणून मी जिंतूरच्या लाईटीला विनवत होते.

संक्रांतीला निकाल लागला, विद्यापीठाला ते नाव मिळालं. वस्तीत नीळ उधळली, मावशीनं शेजारणींना पेढे वाटले आणि बोलता बोलता रडली. बाबा मात्र बाहेर बाजेवर एकटेच बसले होते. मी जवळ गेले तर माझा हात धरून ठेवला. तो आनंद किती मोठा होता आणि त्याला किती माणसं लागली, हे समजायला मला वर्षं लागली. आज त्याच विद्यापीठाची पदवी माझ्या भिंतीवर आहे. त्या माणसांचेही आभार मी कुठल्या ओळीखाली लिहावेत ते मला उमगत नाही.

आणि बघा कसं असतं. आम्ही इकडं त्या नावासाठी जीव मुठीत धरून होतो, त्याच वर्षांत दूर देशी कुणी एक विद्यार्थी आपल्या खोलीत बसून हे लिनक्स घडवत होता, बिनमालकीचं. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, त्याला आमचा नव्हता. आज माझी पोर त्याच्या जिवावर जेवणाच्या पानावर येऊन बसते.

निवळलं तसे आम्ही परत निघालो. परभणीहून जिंतूरची एसटी धरली. शेजारी जिंतूरची एक बाई बसली होती, तिच्याशी आईचं बोलणं सुरू झालं. ती म्हणाली, गावात बाकी ठीक हाय, पण डीपी जळाला व्हता, दोन दिस लाईट न्हवती, कालच आली. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. रस्त्यानं ज्वारी हुरड्याला आलेली, पाखरं उडवायला माळ्यावर माणसं उभी होती, आणि मला काहीही दिसत नव्हतं.

घरी पिशवी टाकली आणि मी मंगलच्या घराकडं निघाले. आईनं अडवलं नाही, ती दारात उभी राहून बघत राहिली. ओसरीवर माणसं होतीच. कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. एकानं पेपर तोंडावर धरला. मी पायरीखाली चप्पल काढायला वाकले तशी आतून काकूचा आवाज आला, तो ओसरीला ऐकू जाईल असाच होता.

“चप्पल आत आणून काढ गं प्रज्ञा. बाहीर कुत्रं न्हेतंय.”

आमच्या गल्लीत तेव्हा चप्पल नेणारं कुत्रं नव्हतं. मी चप्पल घालून ओसरी ओलांडली आणि आत काढली.

मंगल कापसात बसली होती. अंगठे मुठीत दाबून. डबा एका स्टीलच्या ताटात, तापू नये म्हणून ताटाखाली ओलं फडकं. ती उठली, टीव्ही लावला, मुंग्या आल्या, आणि मुंग्यांतून तोच शेवटचा पूल बाहेर आला. त्यावर टोपीवाला आणि बोडका, जिथं सोडले होते तिथंच. मंगल म्हणाली, “हात न्हाई लावला. जशी व्हती तशीच हाय.”

मला क्षणभर चमत्कारच वाटला. मग माझं लक्ष वर कोपऱ्यात गेलं. बोडक्याच्या नावावर बदामांची रांग होती. टोपीवाल्यापाशी एकच.

मी मंगलकडं पाहिलं. तिच्या दोन्ही अंगठ्यांना फोड होते. लाईट आल्यापासून ती दोन्ही रिमोट घेऊन बसली होती. आधी एकाला पुढं न्यायचं, मग दुसऱ्याला आणायचं, असं करत करत एकटीनं दोघांना त्या पुलापर्यंत आणलं होतं. दोघांना एकदम सांभाळणं कुणालाच जमणारं नव्हतं. जो नुसता उभा राहील त्याला दगड लागणारच. प्रत्येक वेळी तिनं आपल्याला उभं ठेवलं होतं आणि मला पुढं काढलं होतं. आधी जानी कुणाच्या किती होत्या हे तिच्या ध्यानातच राहिलं नसावं, किंवा राहूनही तिला माझी एकही घालवता आली नसावी.

मी माझा रिमोट उचलला. बसले. कापसातली माझी जागा तशीच होती. सुटली म्हटलं आणि बटन दाबलं.

पहिल्याच दगडाला मंगलचा टोपीवाला गेला. एकच तर जान होती. आता पडदा मला अडवणार नव्हता. पुढं पूल मोकळा, माझ्या सगळ्या जानी शाबूत, आणि पलीकडं ते जे कुणीच पाहिलेलं नव्हतं. मंगलनं रिमोट मांडीवर ठेवला आणि म्हणाली, जा पुढं, शेवट तरी बघू.

मी बोडक्याला पुलावरून खाली टाकलं. तो पुन्हा उभा राहिला, मी पुन्हा टाकला. मंगल माझ्या हाताकडं बघायला लागली.

“काय करायलीस गं प्रज्ञे?”

“तुला मागं टाकून मला न्हाई जायचं पुढं,” मी म्हटलं. आणि शेवटचा बदाम संपेपर्यंत त्याला टाकत राहिले.

पडदा काळा झाला. ती आधी रडली, मग मी. दोघींच्या नाकातोंडात कापूस. आतून काकू ओरडली की चहा उतू गेलाय, कुणीतरी या. मंगलनं फ्रॉकला नाक पुसलं, मला तिचा टोपीवाल्याचा रिमोट दिला आणि माझा बोडक्याचा स्वतः घेतला, आणि पहिल्या डोंगराच्या पायथ्यापासून आम्ही दोघी पुन्हा वर निघालो.